तोर्क्वेरे म्हणजे पिळणं

नरोलीच्या सुताच्या कंपनीत मंजुषा अकरा वर्षं धाग्याला पीळ देत होती आणि तितकीच वर्षं तिचा नवरा निलेश तिच्या दंडाला. दोघं शिरपूरकडचे. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यानं कधीच वाकडी करून ठेवली होती.

यंदा तिला लाइन इनचार्जची परीक्षा द्यायची होती. ड्यूटी सुटली की ती डोकमर्डीला सुलभाबाईंकडे चोरून इंग्रजी शिकायला जाई. बाई चिपळूणच्या, शाळेत शिकवायच्या.

"बाई, मशीनच्या पुस्तकात पानोपानी टॉर्क. हा आला कुठून?"

"लॅटिनमधून गो. तोर्क्वेरे, असं क्रियापद आहे. पिळणं, मुरगळणं. सूत कातणंसुद्धा. आपल्या संस्कृतात चातीला तर्कु म्हणतात, तो त्याच कुळातला. आणि टॉर्चर, छळ, तोही तिथलाच. रोमात गुलामाची साक्ष घ्यायची तर आधी त्याला पिळायचे."

"आणि तो नाहीच बोलला तर?"

बाईंची नजर तिच्या वाकड्या बोटांवर गेली. "तर आणखी पिळायचे."

हे सगळं बाईंनी तिच्या वहीत लिहून दिलं.

रविवारी दुपारी ती वही निलेशच्या हाती लागली.

"हे अक्षर कोनाचं? बोल ना वं!"

त्यानं तिचा उजवा हात पाठीमागे नेला आणि वर चढवला. खांद्यात कट्‌कन वाजलं.

"कोनाकडे जाते? नाव सांग!"

नाव कसं सांगणार? मागच्या वर्षी शेजारच्या सरुबाईनं तिला एक रात्र आसरा दिला, तर हा सळई घेऊन गेला आणि म्हातारीचा गुडघा फोडून आला.

"नाही सांगत."

त्यानं तिचं तोंड मोरीच्या कठड्यावर आपटलं. दात मोडून ओठात घुसला, तोंड रक्तानं भरलं.

"नाव!"

"नाही."

त्यानं आणखी पिळलं. आजवर ती जीव खाऊन उलटं ओढायची आणि ओढेल तितकी त्याची मूठ आवळायची. आज अंगाला कारखाना आठवला. पिळानं वेटोळं झालेला धागा ओढला की तुटतो, सैल सोडून फिरू दिला की सुटतो. तिनं अंग सैल सोडलं आणि सगळीच्या सगळी गरकन फिरली. त्याची मूठ सुटली. त्याच फेऱ्यात तिचं डावं कोपर त्याच्या नाकावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तो पुन्हा धावला तेव्हा तिच्या डाव्या हातात तवा होता. एकदा मनगटावर, एकदा कानशिलावर. तो मोरीत बसला.

"मंजे, नाक फोडलं ना तू!"

"फोडलंच."

वही काखेत मारून ती पोलीस चौकीत गेली. पोलीसबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"किसने किया? नाम बोलो."

मंजुषानं तोंडातला दात तळहातावर काढला.

"निलेश वाळू सोनवणे," ती म्हणाली. "थांबा, मीच लिहून देते."

खांदा निखळला होता. तरी तिनं उजव्याच हातानं लिहिलं.