जाऊबाईंचं कलिंगड

गाव त्यांना फौजदार म्हणतं, मी जाऊबाई म्हणते. मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे पिकांचा उत्सव भरतो. शाळेच्या सभागृहात लांबलचक टेबलं मांडायची आणि त्यावर गावच्या शेतातला कांदा, लसूण, काकड्या, भोपळे, कलिंगडं ठेवायची. बाहेर मैदानात सरबताचं टेबल आणि गाड्या लावायची जागा. पगार कोणालाच नाही, सगळं हौसेचं काम. आणि हौसेच्या कामातली गोम अशी, की पगारच नाही तर माणसाला काढणार कसं? जाऊबाई वर्षानुवर्षं बिनपगारी फुल अधिकारी होत्या. टेबलावरची चादर एका बाजूला जरा जास्त लोंबली, की पुन्हा घालायला लावायच्या. पाववाल्याच्या बायकोला त्यांनी खुर्च्यांच्या रांगेवरून रडवलं. वायरमनला म्हणाल्या, "पंखे लावलेस की नुसते टांगलेस?" तो पुढच्या वर्षी फिरकलाच नाही.

सुरीही त्यांच्याच हातात असायची. आमच्याकडे फळ नुसतं वरून बघून नंबर देत नाहीत. मालकाला टेबलासमोर उभं करायचं, त्याच्यादेखत फळ चिरायचं, चाखायचं आणि काय ते तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं. एका वर्षी माझ्या माहेरची माणसं मुद्दाम बघायला आली होती. माझं कलिंगड चिरून जाऊबाई म्हणाल्या, "नुसतं पाणी आहे. गोडी नाही." माझ्या आईसमोर! आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे वाटीभर साखरही मागितली नाही.

यंदा तयारीच्या बैठकीला सगळे आले, पण एकच अट घेऊन. फौजदार असतील तर आम्ही नाही. जाऊबाई तेवढ्या यायच्या होत्या. आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काय, मी आनंदाने बांधली. त्या आत आल्या, तशी उभी राहून म्हणाले, "जाऊबाई, यंदा तुम्ही आराम करा. सुरी मी धरते."

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कोणी मान वर करेना. मग पिशवीतून सुरी काढून त्यांनी टेबलावर ठेवली, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

घरी जेवताना नवरा म्हणाला, "दादा गेल्यावर वहिनीला या उत्सवाशिवाय दुसरं होतं काय गं?"

"मला काय विचारता?" मी म्हणाले. "माझ्या आईसमोर माझी शोभा झाली, तेव्हा तुम्ही गप्पच होतात." नवऱ्याने आमटीचं भांडं पुढे ओढलं.

उत्सवाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. कलिंगडांत पोस्टमनचं शेवटचं होतं, ते असं लालबुंद आणि गोड निघालं, की पहिला नंबर त्याचाच, हे मी मनात पक्कं केलं. तेवढ्यात गर्दी बाजूला सरली. जाऊबाई. ठेवणीतले कपडे घातलेले आणि दोन्ही हातांत कलिंगड. काम करणाऱ्याने स्वतःचं पीक मांडायचं नाही असा नियम, म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी कधी काही आणलं नव्हतं. त्यांनी फळ टेबलावर ठेवलं आणि मालक उभे राहतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

या क्षणाची मी किती वाट बघितली होती म्हणून सांगू! मी कलिंगड चिरलं. रंग चांगला होता, चवही वाईट नव्हती. पण देठाकडच्या बिया पांढऱ्या. थोडं आधीच तोडलेलं. पोस्टमनच्या फळापुढे ते टिकणारं नव्हतं.

आणि मग मला त्याहून भारी सुचलं. खाली पाडलं तर लोक म्हणतील, जुना दावा साधला. वर चढवलं तर? माझ्या हातून पहिला नंबर घेतला, की ही बाई जन्मभर माझी मिंधी. रोज भिंतीपलीकडे मिंधी! मी बियांची बाजू हळूच माझ्याकडे फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जाऊबाईंचा पहिला नंबर!"

टाळ्या पडल्या. पाववाल्याची बायकोसुद्धा वाजवत होती. जाऊबाईंनी हात वर केला, तशा टाळ्या थांबल्या. लोकांना सवयच तशी.

"ते अर्धं इकडे फिरव," त्या म्हणाल्या.

मी हलले नाही. त्यांनी स्वतःच फिरवलं.

"देठाकडच्या बिया पांढऱ्या आहेत. घाई केली मी. आजच्या दिवशी आणायचंच होतं, म्हणून कच्चं तोडलं." मग लोकांकडे वळून नेहमीच्या वरच्या पट्टीत, "पोस्टमनचं पहिलं. हे नंबरात बसत नाही." आणि शेवटी माझ्याकडे बघून, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुला बिया दिसल्या होत्या."

हात दाखवून अवलक्षण! माझे कान भाजायला लागले. आता अहो-जाहो गेलं खड्ड्यात. आईसमोर माझी शोभा केली तेव्हाही या बाईचा इतका राग आला नव्हता. मला वाटलं, आता सुरी परत मागेल. मागावीच, असं वाटत होतं. मी दिली नसती, चारचौघांत कडाकडा भांडले असते, निदान जीव तरी मोकळा झाला असता.

तिने मागितली नाही. आपलं चिरलेलं कलिंगड पिशवीत भरलं, मालकाच्या जागेवरून बाजूला झाली आणि काकड्या घेऊन थांबलेल्या मागच्या रांगेकडे मानेने खूण करून मला म्हणाली, "पुढचं घे. लोक ताटकळलेत."

मी पुढचं घेतलं.