ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशीचा पडदा

वाचनालयाच्या संगणक कक्षाचं उद्घाटन अकरा वाजता होतं आणि सव्वानऊला मामांचा फोन आला. "भाऊ, पडदा येत न्हाय. काला हाय नुसता."

संगणक कक्ष म्हणजे मासिकं जिन्याखाली हलवून रिकाम्या केलेल्या खोलीतलं एक टेबल आणि त्यावर एक संगणक. मी गोडाऊनच्या ऑफिसात संगणकांची देखभाल करतो आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीचं इतिवृत्त लिहितो. तिथून बाद झालेला हा एक भंगारात जाण्याआधी मी मागून घेतला आणि त्यावर लिनक्स बसवलं. युनिक्सच्या कुळातली ही प्रणाली फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्रावरही कुरकुर न करता चालते. फुकट मिळते हे मी अध्यक्षांना सांगितलं नव्हतं. निमंत्रणपत्रिकेत त्यांनी 'अत्याधुनिक' हा शब्द आधीच छापून घेतला होता.

मामा वाचनालयाचे शिपाई, शेलार गावचे. तीस वर्षं त्यांनी भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. मालकाने ते लूम भंगारात विकले, तेव्हा मामा इथे लागले. वय पासष्टच्या पुढे, त्यामुळे ही नोकरी गेली तर दुसरी मिळायची नाही, हे ते स्वतःच हसत सांगायचे.

मी रिक्षाने पोचलो तेव्हा दारात रिबीन बांधून झाली होती, त्यामुळे मला वाकून आत जावं लागलं. मामा हातात फडकं घेऊन उभे होते. चालू केल्यावर पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर पळायची आणि मग अंधार. मी केबल काढून पुन्हा लावली. कार्यालयातला दुसरा मॉनिटर आणून जोडला. त्यावरही अंधारच. दर दोन मिनिटांनी मी घड्याळ बघत होतो आणि बाहेर कुणीतरी माईकवर "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" करत होता. त्याचं यंत्र चालत होतं, याचाही राग येत होता.

सव्वादहाला अध्यक्ष आले. शेतजमिनीवर गोडाऊनं बांधून सुखी झालेला माणूस, वाईट नाही. पण फेटा बांधला की त्यांचा आवाज बदलतो.

"काय हो, झालं का? पाहुणे निघालेत तिकडून."

"बघतोय."

"हात कोणी लावला याला?" उत्तराची वाट न बघता ते मामांकडे वळले. "काल कुलूप तुम्ही लावलंत ना? सांगितलं होतं, झाडू मारायचा, बाकी मशीनला हात नको. अकराला चालू नाय झालं ना मामा, तर उद्यापासून येऊ नका."

मामा फडक्याची घडी घालत राहिले. अध्यक्ष हार मोजायला गेले.

आता मी ते केलं जे आल्याबरोबर करायला हवं होतं. तीन बटणं एकदम दाबून साध्या अक्षरांच्या पडद्यावर गेलो आणि यंत्र स्वतःची जी रोजनिशी लिहितं ती वाचली. शेवटी लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: पडदा सापडला, पण वापरण्याजोगी मांडणी एकही नाही. आमच्या कार्यकारिणीबद्दल इतकं नेमकं मला कधी लिहिता आलेलं नाही.

पडद्याची मांडणी ठरवणारी फाईल उघडली. जिथे मी पडद्यावरच्या ठिपक्यांचे आकडे, १२८० आणि १०२४, लिहिले होते, तिथे ९२ आणि ८८ होतं. दोन्ही ठिकाणी, नीटनेटकं.

"मामा, हे काय?"

"क्वालिटी," मामा म्हणाले. "ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी. चांगला बारीक कपडा असतो भाऊ, मी जल्मभर काढलाय."

भिवंडीत कापडाची जात अशीच सांगतात: एका इंचात उभे धागे किती, म्हणजे रीड, आणि आडवे किती, म्हणजे पिक.

"बाराशेऐंशी रीड कुठं असतो का? मला वाटलं तुमी चुकून शून्य जास्त मारलाव."

"पण हात कशाला लावलात?"

"तुमीच बोललाव ना फोनवर. अक्षरं बारीक दिसतात, मागच्या खुर्चीवाल्याला न्हाय दिसायची, असं मी इचारलं. तुमी बोललाव, आकडे कमी करा."

बोललो होतो. परवा, कामाच्या घाईत, अर्ध्या मिनिटात; ठिपके कमी केले की अक्षरं मोठी होतात म्हणून. शिवाय फाईल कशी उघडायची ते पासवर्डसकट कागदावर लिहून मॉनिटरला मीच चिकटवलं होतं. मामांना इंग्रजी वाचता येत नाही. एकेक अक्षर कागदाशी ताडून त्यांनी ते सगळं बिनचूक केलं होतं.

मी १०२४ आणि ७६८ लिहिलं. यंत्र पुन्हा सुरू केलं. अक्षरं पळाली, अंधार झाला, नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. मग निळा पडदा आला, ठळक अक्षरांसकट. मामांनी फडकं खांद्यावर टाकलं.

अध्यक्ष दारातूनच म्हणाले, "आला? काय झालं होतं?"

"माझी चूक," मी म्हणालो. "मीच चुकीचं सांगितलं होतं."

"तुमची ना? मग टेक्निकल असेल," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना आणायला गेले. मामांबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. आमच्याकडे नोकरी राहिली हे असंच कळतं.

पाहुण्यांनी रिबीन कापली, माऊस हातात घेतला आणि तो रिमोटसारखा पडद्याकडे धरला. टाळ्या झाल्या.

पंगत उठल्यावर मामांनी खिशातली डायरी काढली. "भाऊ, याच्यात पयला आकडा रीड का पिक?"

मी मनाशी ताडून पाहिलं. पहिला आकडा आडवं मोजताना किती ठिपके, दुसरा उभं मोजताना किती; आणि कापडाचे उभे धागेही आडवंच मोजत जातात. "रीडच," मी म्हणालो. "मग पिक."

"मंग बरोबर लिवलेलं मी," मामा म्हणाले. "क्वालिटी तेवढी चुकली."

पुढच्या सोमवारी गेलो तर अक्षरं आणखी मोठी झाली होती आणि दोन म्हातारे पाठ टेकून पेपर वाचत होते. फाईलमध्ये ८०० आणि ६०० होतं. मॉनिटरला चिकटवलेला पासवर्डचा कागद मात्र गेला होता.

"मामा, कागद कुठाय?"

"माझ्या डायरीत. कोनीपन हात लावल."