सगळ्यांचं झालं का?

"सुभेदार गेले," असा फोन आला तेव्हा मी सकाळच्या चहात पाव बुडवत होतो. आदल्या दुपारीच उस्मानपुऱ्यात त्याच्या घरी जाऊन आलो होतो. लोकांचा तो आधी सुभेदार, मग खासदारसाहेब. मला मात्र भानूच. खुलताबादच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. तो फौजेत गेला, मी मराठीचा मास्तर झालो. पाव चहात विरघळला आणि माझ्या मनात एकच आलं... हा माणूस माझ्याकडून दुसऱ्यांदा उपाशी गेला.

फौजेतून येताना भानूनं एक खोड आणली होती. तिथं बडाखाना असतो. त्यात मोठे लोक जवानांना वाढतात आणि मागाहून जेवतात. दिल्लीला निवडून गेला तरी ही खोड सुटली नाही. दौऱ्यात पुढारी पानावर बसले की हा बाहेर ड्रायव्हर, पोलीस, माईकवाला यांच्यात फिरायचा. "सगळ्यांचं झालं का?" व्हय म्हणेपर्यंत स्वतः घास घ्यायचा नाही. पेपरात याचं कौतुक छापून यायचं. पण त्याच्याबरोबर जेवायचं म्हणजे भुकेनं जीव जायची पाळी, हे आम्हालाच ठाऊक!

माझ्या रुखसानाच्या लग्नात मी त्याच्यासाठी वेगळी खोली सजवली. कूलर लावला, नवी ताटं आणली. खासदारासोबत जेवायचं म्हणून व्याही खास नवी शेरवानी घालून बसलेले. आणि हा पठ्ठ्या सरळ मागच्या अंगणात! मटणाच्या नान-खलियाच्या देगेपाशी उभा राहून ड्रायव्हरांना वाढतोय. मी दोनदा बोलावलं. "आलोच रे मुन्या, यांचं होऊ दे." तासभर व्याही रिकाम्या खुर्चीकडं बघत बसले. माझं डोकं फिरलं. चारचौघांत ओरडलो, "भानू, ही तुझी छावणी नाय! माझ्या पोरीचं लग्न हाय, माझी अब्रू घालवू नको." त्यानं पळी खाली ठेवली. "चुकलं माझं," म्हणाला, हात धुतले आणि निघून गेला. न जेवता.

दोन वर्षं आम्ही बोललो नाही. मधे तो निवडणूक हरला, तेव्हा तरी जायला हवं होतं. नाही गेलो. आता वाटतं, माझं तरी पुरतं चुकलं होतं का? पण दारातून मित्र उपाशी गेला, ते काही केल्या गिळवेना.

आता इलाज नाही म्हणून डॉक्टरांनी भानूला घरी पाठवलंय असं कळलं, तेव्हा डबाभर नान-खलिया घेऊन रिक्षात बसलो. भानू पार वाळला होता. "आलास व्हय? लई उशीर केलास." मी डबा उघडला. त्यानं वास घेतला, हसला आणि विचारलं, "रिक्षावाला कुठंय? बोलाव त्याला." मग मी आणि रिक्षावाला त्याच्या पलंगाशी बसून जेवलो. आमचं होईस्तोवर त्याचा डोळा लागला होता. उरलेला डबा तिथंच ठेवून मी निघालो... आणि सकाळी तो फोन.

पुढचे कितीतरी दिवस मला खलियाचा वास सहन होईना. गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी माझा डबा घासून ठेवला होता. "रिकामा कसा देऊ?" म्हणून त्यात शेंगदाणे भरले होते. मी डबा हातात घेतला आणि रडायलाच लागलो. "वहिनी, त्याला एक घास भरवता आला नाही हो मला."

"भरवायचं काय? तुम्ही गेल्यावर संध्याकाळी उठले की," वहिनी म्हणाल्या. "मुन्या जेवला का, रिक्षावाला जेवला का, तू जेवलीस का... सगळं विचारलं. व्हय म्हणलं, तवा उठून बसले. डॉक्टरनं असलं खाणं बंद केलं होतं, पर म्या बघून न बघितल्यावानी केलं. ताट पुसून खाल्लं, भाऊजी."

भानूचं फौजेतलं कप्प्यांचं ताट आजही त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेलं आहे. मी बराच वेळ तिकडंच बघत होतो. वहिनींनी समोर चहा ठेवला. मी कप उचलला, परत खाली ठेवला आणि बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्याला हाक मारली.