घरातच असते की मी

नेसरीची डॉ. रक्षिता कोल्हापुरात एमडी करते. आजकाल डॉक्टरकीचे तुकडे पाडलेत: सुई टोचणं एक कौशल्य, छाती तपासणं दुसरं, पेशंटला माहिती विचारणं तिसरं. एकेक करून दाखवायचं आणि सरांची सही घ्यायची. रक्षिताच्या सगळ्या सह्या वर्गात सर्वांत आधी झाल्या. कौतुक तर होणारच.

हुपरीच्या तानाबाई एका संध्याकाळी तिच्याकडे दवाखान्यात आल्या. घसा जळत होता, खोकला थांबत नव्हता. रक्षितानं ठरलेल्या क्रमानं विचारलं. दमा? नाही. तंबाखू? नाही. काम काय करता?

"काम कुठलं ओ, घरातच असते की मी."

‘गृहिणी’ असं टिपून रक्षिता पुढच्या प्रश्नाकडे वळली. छाती साफ होती, ऑक्सिजन चांगला होता. औषध देऊन तिनं त्यांना घरी पाठवलं. पहाटे सून अनुजा त्यांना परत घेऊन आली, तेव्हा तोंडातून फेस येत होता. दुपारपर्यंत तानाबाई गेल्या.

खरं काय ते अनुजाकडून कळलं. त्यांचा पैंजणांचा कारखाना म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली खोली. तिथं तानाबाई चांदीचा कीस ॲसिडमध्ये विरघळवायच्या, तोही दार लावून, कारण शेजारी धुरावरून भांडायचे. हा धूर मोठा दगाबाज. आधी छाती साफ लागते, फुप्फुसात पाणी भरतं ते काही तासांनी. रात्रभर ठेवून घेतलं असतं तर बाई कदाचित वाचल्या असत्या. हे सगळं रक्षिताला तोंडपाठ होतं! पण घरातल्या बाईचं काम कुणी कामात धरत नाही. तानाबाई स्वतःही धरत नव्हत्या.

या मृत्यूच्या आढावा बैठकीत तिचे विजयसिंह सर म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. सगळं विचारलंस."

"मग बाई मेल्या कशा, सर?"

हे सांगताना मला त्या सह्यांची अजून चीड येते.

आता रक्षिता बायकांना वेगळंच विचारते. सकाळी उठल्यापासून काय काय केलं? त्यात वेळ जातो. परीक्षकांनी ‘क्रम सोडला’ म्हणून तिचे गुणही कापले. ती मुकाट्यानं घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारू लागली.

गेल्या महिन्यात अनुजा खोकत आली.

"सकाळपासून काय काय केलंस?"

"चहा, पोरांचं डबं, धुणं…"

"आणि ॲसिड?"

"ते सासूबाईच बघत होत्या. आता मीच की."

रक्षितानं तिला लगेच ठेवून घेतलं. अनुजा वाचली. बरी होऊन घरी गेली, म्हणजे त्याच खोलीत.