विनोदिनीची फेरीबोट

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. चोपड्याला तेव्हा पूल नव्हता, नदी ओलांडायची ती फेरीबोटीने. आणि विनोदिनीने तीच फेरीबोट टीव्हीत घातली होती.

तिचा भाऊ गौरेश बहारीनहून सुट्टीवर आला तो टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेऊन. सोबत कीबोर्ड आणि इंग्रजी पुस्तक. गौरेश विमानं पाडून पाडून कंटाळला. पेडण्याला टायपिंग शिकवणारी विनोदिनी मात्र पुस्तक उघडून बसली ती उठेच ना. ओळीमागून ओळ लिहीत तिने स्वतःचा खेळ रचला. भरतीच्या पाण्यात होड्या चुकवत फेरी पलीकडे शिवोलीच्या धक्क्याला लावायची.

मेख एकच होती. लिहिलेलं टेपवर उतरवायची वायर गौरेश बहारीनलाच विसरला होता. डबा बंद झाला की सगळं पुसलं. म्हणून डबा अहोरात्र चालू, आणि बल्ब जरा फडफडला की विनोदिनीचा घास तोंडातच राही.

म्हापशाचे गुरुदास कॉम्प्युटरचा क्लास काढणार होते, तिथे शिकवायला त्यांना माणूस हवा होता. टायपिंगमधून सुटायची ही एवढीच वाट. ते खेळ बघायला येणार होते, आणि पोरीने त्यांना बोलावलं तेही नेमकं खंडेनवमीला.

कोयता, विळी, शिलाईचं मशीन पुसून झालं तशी आई, चंद्रावती, ताम्हन घेऊन डब्यापाशी आली.

"बंद कर गो ता. पूजेच्या दिसा हत्यार चलवक नाय."

"आई, बंद केला तर मेलाच तो."

"देवाच्या दिसा कोण मरणा नाय," म्हणत चंद्रावतीने बटण दाबलं. पडदा काळा झाला. विनोदिनीने डब्याकडे झेप घेतली. मग दिसलं, आईने टीव्ही बंद केला होता. डब्याचा तांबडा दिवा तसाच जळत होता. त्यावर झेंडू पडले, अक्षता पडल्या.

एवढ्यात गौरेश पाहुण्यांना स्कूटरवरून घेऊन आला.

"पूजा झाली? मग मी हात लावत नाही," गुरुदास म्हणाले. "पण उद्या मुंबईला चाललो. क्लाससाठी दुसऱ्या एकाशीही बोलणं चालू आहे."

विनोदिनी आईकडे वळली. "गौरेशच्या स्कूटरलाही हार आहे. ती कशी फिरली?"

"तो बापाशीसारखो हट्टी," आई पुटपुटली. "त्याका कोण सांगतला?"

"मग मला तरी कशाला सांगतेस?"

चंद्रावतीने ताम्हन पुन्हा उचललं. मग अक्षता वाहून, पूजा विसर्जताना देव हलवतात तसा तिने डबा जागचा हलवला. "हलयलो. आता दाखय बेगीन."

हलवला, आणि सैल पिन सॉकेटातून निसटली. तांबडा दिवा गेला.

आईचे हात तसेच हवेत राहिले. गुरुदासांनी घड्याळाकडे बघितलं.

विनोदिनीने पिन खोचली, टीव्ही लावला, झेंडू बाजूला सारले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायला बसली. "थांबाल?"

ते स्टूल ओढून बसले. "ही ओळ कशाला?"

"भरतीची. पाणी चढलं की फेरी डावीकडे ओढली जाते."

"आणि ही?"

ती सांगत गेली, बोटं चालतच होती. आईने न विचारता चहा ठेवला. बाहेर धक्क्यावरून एक फेरी सुटली, मग दुसरी. शेवटी विनोदिनीने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "पुढची ओळ तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिली, चुकीची. पडद्यावरची फेरी थेट माडांत घुसली. आईसुद्धा हसली.

"मुंबईहून आलो की क्लास उघडतो," गुरुदास ओळ खोडत म्हणाले. "याल ना, टीचर?"

"आधी ती फेरी धक्क्याला लावा," विनोदिनी म्हणाली.