फुगलेलं दार

शिरगावात आमच्या शेजारचा सुतार फार कमी बोलतो. बोललाच, तर शेवटी "बरा हाय ना?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत रंधा चालवायला लागतो. पावसाळ्यात इथली दारं ओल धरून फुगतात, चौकटीत अडकतात. गावभरची दारं तोच तासून देतो. स्वतःच्या घराचं तेवढं "उद्या बघू" म्हणत राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी तो सरावलीला कामावर होता आणि इकडे बायकोच्या छातीत कळ आली. ती आतून दार ओढत होती, आम्ही बाहेरून ढकलत होतो. चौकट फोडून आत गेलो, तेव्हा ती उंबऱ्याशीच पडलेली होती. सगळं संपलं होतं.

त्या दाराचं त्यानं बाक केलं. "बसा मास्तर, बरा हाय ना?" म्हणतो. माझ्यानं बसवत नाही.

परवा बघितलं, तर तो बाकाची एकच कड तासत होता, दाराच्या कडीकडची. इतकी तासली होती, की बाक एका बाजूनं अरुंद झालंय.

न राहवून म्हटलं, "अरे, आता ते कशात अडकणार आहे?"

"फुगलाय, मास्तर," तो मान वर न करता म्हणाला. "उद्यावर नाय टाकायचा."