साहेबांची शिट्टी

गल्लीच्या टोकाला त्याचं फ्रेमचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. नावानं त्याला कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचा तो फ्रेमवाला. लाकडी पट्ट्या कापायच्या, पॉलिश मारायचं, काच बसवायची, मागून पुठ्ठा ठोकायचा, यातच हयात गेलेली. माणूस अबोल. एक वाक्य बोलायचं तरी दोन खिळे ठोकून होईपर्यंत विचार करायचा.

मुलगी शिकायला परगावी गेली, तेव्हा आपला पक्षी त्याच्या हवाली करून गेली. राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकटील, पोपटाच्याच जातीतला. पिल्लू असल्यापासून तिनं त्याला चमच्यानं भरवून वाढवलेलं. तुरा उभारून घरभर डाफरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं साहेब.

"बाबा, त्याला एकटं ठेवू नका हं. रुसतो तो," तिनं जाताना बजावलं.

म्हणून फ्रेमवाल्यानं पिंजरा दुकानातच टांगला, कामाच्या टेबलाच्या वर.

साहेबांनी त्याला आधी जेरीस आणलं. काच कापतानाचा किर्र आवाज त्यांनी असा हुबेहूब उचलला, की फ्रेमवाला दचकून हातातली काच तपासायचा. बायको आतून हसायची. "बरं झालं, तुम्हाला कुणीतरी तोडीस तोड भेटलं!" संध्याकाळी मुलीचा फोन आला, की तो पिंजऱ्याजवळ धरायचा आणि साहेब तिनं शिकवलेली लांबलचक शिट्टी मारायचे.

मग एका हॉटेलाच्या सगळ्या खोल्यांच्या फ्रेमा करायचं काम आलं. दुकानात भुसा आणि पॉलिशचा वास कोंडून राहिला. त्याच दिवसांत साहेब गप्प झाले. पिसं फुलवून कोपऱ्यात बसायचे. फ्रेमवाल्याला खरं तर हायसं वाटलं. "शहाणे झाले साहेब," तो म्हणाला. मुलीनं विचारलं, तर "झोपलेत" म्हणून मोकळा झाला.

बायकोनं मात्र पाहिलं. "अहो, श्वास घेताना शेपटी बघा कशी खालीवर होतेय. डॉक्टरला दाखवा."

"एवढं काम हातावेगळं होऊ दे."

काम हातावेगळं व्हायच्या आधीच एका दुपारी साहेब दांडीवरून खाली पडले. फ्रेमवाल्यानं त्यांना टॉवेलात गुंडाळलं आणि दुकान उघडं टाकून पळत सुटला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पक्षी हातात घेतला. "छातीचं हाड बघा कसं वर आलंय. पक्षी आजार लपवतात हो, शेवटपर्यंत. पिंजरा कुठे असतो?"

त्यानं सांगितलं. पॉलिशचंही सांगितलं. "त्या वासानं फुप्फुसं अधू होतात यांची. पण नुसता संसर्गही असेल. नक्की नाही सांगता येणार."

"आधी आणला असता तर?"

"कदाचित," त्या म्हणाल्या.

साहेब तिथेच, टेबलावर गेले.

घरामागं खड्डा खणताना त्याच्या डोक्यात तो एकच शब्द घुमत होता. कदाचित. 'नाही' म्हणाल्या असत्या तर तो रडून मोकळा झाला असता. 'हो' म्हणाल्या असत्या तर निदान स्वतःला शिव्या घालता आल्या असत्या.

संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, साहेबांना द्या ना."

त्यानं रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं, फोन लांब धरला आणि स्वतःच शिट्टी मारली.

"आवाज बसलाय वाटतं साहेबांचा!" ती हसली.

तिचं ते हसणं ऐकलं आणि त्याला पुढे बोलवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो पट्ट्या घासता घासता सराव करू लागला. बायकोला ऐकवेना.

"अहो, पुरे करा. सांगून टाका तिला."

"कसं सांगू?"

"तोंडानं. शिट्टी येते ना त्या तोंडातून?"

पण त्यानं सांगितलं नाही. सुट्टी लागली तशी मुलगीच आली. खांद्यावरची बॅगही न उतरवता दुकानात शिरली. "साहेब कुठेत?"

"गेले गं. छातीचं दुखणं होतं."

"कधी?" आणि मग तिला उमगलं. "मग रोज शिट्टी..."

"मीच."

ती मटकन स्टुलावर बसली. "मी स्पीकरवर लावून मैत्रिणींना ऐकवायचे, बाबा."

त्या दिवशी ती जेवली नाही. दार लावून घेतलं. त्यानं दाराशी दोनदा हाक मारली.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा तो तिथेच बसला होता. बायकोलाही न सांगितलेलं त्यानं सांगून टाकलं.

"पडला त्या दिवशी सकाळी दाणे घालताना तो बाहेर आला. माझ्या मनगटावर बसला, डोकं टेकवलं. इतक्या दिवसांत कधी आला नव्हता. माझे हात गोंदानं माखलेले. मी म्हटलं, आत्ता नाही, साहेब. आणि परत आत ठेवला."

आईनं गॅस बंद केला. मुलीनं ओट्यावर सांडलेलं पाणी पुसलं.

"मी तुम्हाला माफ केलं असं नाही म्हणणार," ती म्हणाली. "आत्ता तरी नाही."

"नको म्हणूस."

"पण यापुढे माझ्याशी खोटं बोलू नका."

"नाही बोलणार." मग तो रडला, तोंड लपवायचंही त्याला सुचलं नाही. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही.

सुट्टी संपल्यावर ती परत गेली. फोन कमी झाले. आले तरी बहुतेक आईसाठी. फ्रेमवाला पॉलिशचं काम आता उघड्यावर, पत्र्याखाली करतो. गिऱ्हाईक सहज म्हणतं, "तो पक्षी दिसत नाही तुमचा?"

"आजारी होता," तो सांगतो. "मला दिसत होतं. मी नेला नाही."

मग तो पट्टी उचलतो आणि विचारतो, कडा रुंद हवी की अरुंद.